बांगाईचा रुपेरी मासा

इंडोनेशिया हा बेटांचा देश होय. त्या देशात लहानमोठी हजारो बेटे आहेत. त्यांपैकी सुलावेसी हे एक मोठे बेट असून, पूर्वी त्यास सेलेबीझ असे म्हणत. सुलावेसीच्या पूर्वेस, विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, बांगाई नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. ह्या बेटांच्या किनाऱ्यालगतचे पाणी उथळ व उबदार आहे. त्याच्या तळाशी कोठे प्रवाळांचे खडक आहेत, कोठे समुद्री गवताची कुरणे आहेत, तर कोठे नुसतीच पांढरी वाळू पसरली आहे. ह्या उथळ पाण्यात एक इवलासा मासा राहतो. सबंध पृथ्वीवर त्याचे मूळ घर काय ते एवढेच. ह्या माशाचे नाव बांगाई कार्डिनल. इंडोनेशियातील लोक त्यास चापुंगान असेही म्हणतात.

हा मासा फार तर आठ सेंटीमीटर लांब असतो. लहान मुलाच्या तळहातावर तो सहज मावेल. त्याचे अंग रुप्यासारखे चकचकीत असते. त्यावर तीन ठळक काळे पट्टे असतात व त्यांपैकी एक थेट डोळ्यावरून जातो. त्याचे पर लांब व डौलदार असतात. काळ्या परांवर पांढरे ठिपके विखुरलेले असल्यामुळे अंधाऱ्या रात्री आकाशात चांदण्या फुलाव्यात तसे ते दिसतात. शेपटीला मध्ये खोल खाच असते. चपळपणे इकडून तिकडे धावणे ह्या माशाच्या स्वभावात नाही. पाण्यात जागच्या जागी तो तरंगत राहतो आणि प्रवाहाबरोबर आलेले सूक्ष्म जीव टिपून खातो.

इतका देखणा मासा जगाला फार दिवस ठाऊकच नव्हता. वाल्टर कौडर्न नावाच्या एका स्वीडिश संशोधकाने १९२० साली बांगाई बेटावरून ह्या माशाचे दोन नमुने गोळा केले. फ्रेडरिक कौमान्स ह्या डच मत्स्यशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास करून १९३३ साली त्या माशाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि कौडर्नच्या सन्मानार्थ त्यास ‘टेरापोगॉन कौडर्नी’ असे नाव दिले. त्यानंतर साठ वर्षे शास्त्रज्ञांना ह्या माशाचा जणू विसरच पडला. अखेर १९९४ साली जेराल्ड ॲलन हे मत्स्यशास्त्रज्ञ बांगाई बेटांवर गेले, तेव्हा तेथील उथळ पाण्यात हे रुपेरी मासे त्यांना पुन्हा आढळले. त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध होताच देशोदेशींच्या मत्स्यप्रेमी लोकांचे लक्ष ह्या चिमुकल्या जीवाकडे वेधले गेले.

हा मासा राहतो तरी कोठे? समुद्रात एक गोल प्राणी असतो. साळिंदराप्रमाणे त्याच्या सर्वांगावर लांब, अणकुचीदार काटे असतात. म्हणून त्यास समुद्री साळिंदर म्हणता येईल. हे काटे टोचले असता फार वेदना होतात. त्यामुळे मोठे मासे ह्या प्राण्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. आपला रुपेरी मासा मात्र नेमका ह्याच काट्यांच्या आश्रयास राहतो! संकटाची चाहूल लागताच सारा थवा क्षणात काट्यांमध्ये शिरतो. अंगावरील काळे पट्टे व काळे काटे एकमेकांत असे मिसळून जातात की, मासे कोठे गेले हे शत्रूस कळतसुद्धा नाही. लहान पिले पुष्कळदा समुद्रपुष्पांच्या आश्रयास राहतात. समुद्रपुष्प हा वस्तुतः फुलासारखा दिसणारा प्राणी असून, त्याच्या पाकळ्यांसारख्या अवयवांना विषारी दंश असतो. अशा प्रकारे दुसऱ्यांची शस्त्रे हेच ह्या दुबळ्या माशाचे कवच होय.

परंतु ह्या माशाचे खरे नवल त्याच्या रूपात नसून त्याच्या अपत्यसंगोपनात आहे. प्रवाळखडकांवर राहणारे बहुतेक मासे हजारो अंडी घालतात. त्यांतून बाहेर पडलेली अतिसूक्ष्म पिले समुद्राच्या प्रवाहाबरोबर दूर वाहत जातात. कित्येक दिवस ती उघड्या समुद्रात भटकतात. त्यांपैकी बहुतेक मरतात किंवा इतरांच्या भक्ष्यस्थानी पडतात. थोडी मात्र एखाद्या दूरच्या खडकाशी पोहोचून तेथे वस्ती करतात. बांगाईच्या माशाची रीत अगदी निराळी आहे. मादी पन्नासच्या आसपास मोठी अंडी घालते आणि नर ती तत्काळ आपल्या तोंडात घेतो. सुमारे वीस दिवस तो ती अंडी तोंडातच सांभाळतो. ह्या काळात तो अन्नाचा एक कणही खात नाही. अंडी फुटल्यावरही त्याचे काम संपत नाही. पिले आणखी आठ-दहा दिवस पित्याच्या तोंडातच राहतात. ती थोडी बळकट झाली म्हणजे मगच तो तोंड उघडून त्यांना बाहेर सोडतो. बाहेर पडलेले पिलू अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास असते. परंतु रूपाने ते आईबापांची हुबेहूब प्रतिमा असते. तेच रुपेरी अंग आणि तेच काळे पट्टे!

पिता एवढा कष्टाळू खरा; तथापि निसर्गाचे नियम कठोर असतात. एकदा पिले बाहेर पडली की, आजूबाजूचे भुकेलेले प्रौढ मासे त्यांना खावयासही कमी करीत नाहीत. म्हणून पिले लागलीच जवळच्या काट्यांत किंवा समुद्रपुष्पात शिरतात. ती फार दूर जात नाहीत. जेथे जन्म, तेथेच जीवन, असा त्यांचा क्रम असतो.

ह्या गोष्टीचा परिणाम मोठा आहे. इतर माशांची पिले प्रवाहाबरोबर प्रवास करतात, म्हणून एका खडकावरील मासे नष्ट झाले तरी दुसरीकडून नवी पिले येऊन तो खडक पुन्हा भरून निघू शकतो. बांगाईच्या माशाची पिले प्रवास करीतच नाहीत. दोन बेटांच्या मध्ये खोल पाणी असले तर ते त्यांना ओलांडता येत नाही. शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या बेटांवरील माशांची आनुवंशिक तपासणी केली, तेव्हा त्यांच्यात ठळक भेद आढळले. ह्याचा अर्थ असा की, शेजारशेजारच्या बेटांवरील ही कुळे दीर्घ काळ एकमेकांस भेटलेलीच नाहीत. एखाद्या किनाऱ्यावरील मासे संपले तर त्यांची जागा भरून काढण्यास शेजारून कोणी येणार नाही. पित्याच्या ज्या मायेमुळे पिले सुरक्षित राहतात, तीच माया ह्या जातीला एका जागी बांधून ठेवते.

अशा ह्या माशावर १९९५ नंतर एक नवेच संकट ओढवले. ते संकट शत्रुत्वातून आलेले नव्हते; ते आले माणसाच्या आवडीतून. घरात काचेची टाकी ठेवून तीत रंगीबेरंगी मासे पाळण्याचा छंद जगभर आहे. गोड्या पाण्यातील मासे पाळणे त्या मानाने सोपे असते. समुद्रातील मासे पाळणे अवघड असते. कारण टाकीत समुद्रच निर्माण करावा लागतो. एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, पाण्याचे तपमान २५ ते २८ अंश सेल्सिअस, अहोरात्र खेळते पाणी व पुरेसा प्राणवायू, इतक्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. शिवाय माशांच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनिया हे विष साठत जाते. समुद्र अफाट असल्यामुळे तेथे ते विरून जाते. टाकीत मात्र ते थोड्याच काळात माशांचे प्राण घेते. टाकीतील दगडांवर व वाळूत वाढणारे काही जिवाणू ह्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर त्या मानाने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे अदृश्य सेवक टाकीत पुरेसे वाढण्यास काही आठवडे लागतात. म्हणून जाणता मनुष्य आधी टाकी सिद्ध करतो, धीराने वाट पाहतो आणि मगच तीत मासे सोडतो. उतावळा मनुष्य त्याच दिवशी मासे आणतो आणि आठ दिवसांत त्यांना मुकतो.

ह्या छंदाचा इतिहासही बोधप्रद आहे. फिलिप हेन्री गॉस नावाचा एक इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ होता. समुद्रातील जीव काचेच्या टाकीत कसे जगवावेत ह्याचा त्याने कसून अभ्यास केला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यासाठी समुद्रजीव पुरविण्यात गॉसचा मोठा वाटा होता. पुढल्याच वर्षी त्याने ह्या विषयावर एक ग्रंथ लिहिला. तो इतका लोकप्रिय झाला की, इंग्लंडात घरोघरी अशा टाक्या दिसू लागल्या. लोक हातात बरण्या व हातोड्या घेऊन समुद्रकिनारी जाऊ लागले आणि खडकांमधील डबक्यांतून समुद्रपुष्पे व इतर जीव उपसून नेऊ लागले. थोड्याच वर्षांत ती सुंदर डबकी उजाड झाली. आपल्याच ग्रंथामुळे हे घडले, ह्याचे गॉसला अतिशय दुःख होत असे, असे त्याचा पुत्र एडमंड गॉस ह्याने १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत नमूद केले आहे. ज्याने लोकांना समुद्रावर प्रेम करावयास शिकविले, त्यालाच त्या प्रेमाचे हे फळ पाहावे लागले.

जे इंग्लंडच्या किनाऱ्यावर घडले, तेच सुमारे दीडशे वर्षांनी बांगाईच्या पाण्यात घडू लागले. रुपेरी माशाला परदेशांतून मोठी मागणी येऊ लागली. हा मासा पकडणे कठीण नव्हते. तो वेगाने पळत नाही, खोल पाण्यात जात नाही व आपले घर सोडत नाही. काट्यांच्या आश्रयास असलेला सबंध थवा हुसकावून जाळ्यात घेता येत असे. २००१ सालच्या सुमारास दरवर्षी सहा ते सात लक्ष मासे पकडले जात असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि त्याच दशकातील पाहणीनुसार समुद्रातील त्यांची एकूण संख्या सुमारे चोवीस लक्षच होती! पकडलेल्यांपैकी पुष्कळ मासे जहाज किंवा विमान गाठण्यापूर्वीच मरून जात. काही छोट्या बेटांलगतच्या वस्त्या थोड्याच वर्षांत जवळजवळ नाहीशा झाल्या. मासे पकडणारे कोळी गरीब होते. प्रत्येक माशामागे त्यांच्या हाती फार थोडा मोबदला पडे. तरी पोटासाठी त्यांना हे काम करावे लागे. त्यांना एकट्यांना दोष देणे न्यायाचे होणार नाही. दूरदेशी शोभेच्या टाकीपुढे बसून कौतुक करणाऱ्यांचाही त्यात वाटा होताच.

संकट एवढ्यावर थांबले नाही. माशांचे घर असलेली समुद्री साळिंदरे व समुद्रपुष्पेही किनाऱ्यावरील लोक खाण्यासाठी अधिकाधिक प्रमाणात गोळा करू लागले. घरच नाहीसे झाल्यावर पिलांनी आश्रय तरी कोठे घ्यावा? २००७ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ह्या माशाचा समावेश संकटग्रस्त जातींच्या यादीत केला. पुढे इंडोनेशियाच्या सरकारनेही लक्ष घातले. २०१८ साली त्या सरकारने ह्या माशास मर्यादित संरक्षण दिले. त्यानुसार बांगाई द्वीपसमूहात फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर ह्या महिन्यांत त्यास पकडण्यास बंदी घालण्यात आली. प्रजननाच्या काळात तरी पित्यांच्या तोंडातील पिले वाचावीत, हा ह्या बंदीमागील उद्देश होय.

तथापि केवळ बंदीने सारे प्रश्न सुटत नाहीत. येथे ह्या माशाचा स्वभावच त्याच्या मदतीस धावून आला. इतर प्रवाळमाशांची पिले इतकी सूक्ष्म असतात की, टाकीत त्यांना काय खाऊ घालावे हाच मोठा प्रश्न पडतो. त्यांतील बहुतेक उपासमारीने मरतात. बांगाईच्या माशाची पिले मात्र पित्याच्या तोंडात वाढून, धडधाकट होऊनच बाहेर येतात. आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातील प्राण्याची नुकतीच जन्मलेली पिले ती पहिल्याच दिवशी खाऊ शकतात. आर्टेमियाची सुकी अंडी बाजारात मिळतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली असता सुमारे एका दिवसात फुटतात. त्यामुळे खाद्याची अडचण उरत नाही. म्हणून हा मासा जगाला पुन्हा ठाऊक झाल्यावर काही वर्षांतच त्याची पैदास टाकीत यशस्वी झाली. पुढे थायलंडसारख्या देशात ती मोठ्या प्रमाणावर होऊ लागली.

टाकीत पैदास करणाऱ्यांनी ह्या माशाच्या सवयी बारकाईने पाहिल्या. जोडी जमली की, ती इतर प्रौढ माशांना जवळ येऊ देत नाही; म्हणून तिला स्वतंत्र टाकी लागते. नराचा गळा फुगलेला दिसला आणि त्याने खाणे सोडले, म्हणजे त्याच्या तोंडात अंडी आहेत असे समजावे. त्या वेळी त्यास मुळीच छेडू नये. भयभीत झालेला नर अंडी गिळून टाकतो किंवा थुंकून देतो. पिले बाहेर पडण्याच्या सुमारास त्यांच्यासाठी आसरा हवा. खरे समुद्री साळिंदर नसेल तर काही छांदिष्ट लोक प्लॅस्टिकच्या लांब काड्या एका गोळ्यात खोचून खोटे साळिंदर तयार करतात. पिलांना खऱ्या-खोट्याचा भेद कळत नाही. ती आनंदाने त्या काड्यांत शिरतात! पिढ्यान्‌पिढ्यांची ओढ ती. काटे दिसले की, तेथे आपले घर आहे, एवढेच त्यांना ठाऊक असते.

टाकीत जन्मलेल्या माशाचे अनेक लाभ आहेत. त्याला लांबच्या प्रवासाची धास्ती भोगावी लागलेली नसते, दिलेले खाद्य तो निमूटपणे खातो आणि बहुधा अधिक निरोगी असतो. सर्वांत मोठा लाभ असा की, त्याच्यासाठी समुद्रातील एकही थवा विस्कटावा लागत नाही. म्हणून मासे विकत घेणाऱ्याने विक्रेत्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : “हा मासा समुद्रातून आणला आहे, की टाकीत वाढविला आहे?” प्रश्न साधा आहे, परंतु पुष्कळ लोकांनी तो विचारला तर विक्रेत्यांनाही विचार करावा लागतो. मात्र ह्यालाही दुसरी बाजू आहे. सारे मासे दूरच्या टाक्यांतच निपजू लागले तर बांगाईच्या कोळ्यांनी पोट कशावर भरावे? तेव्हा त्यांच्याच किनाऱ्यावर पैदास व्हावी, समुद्री साळिंदरे राखली जावीत आणि त्या राखणीचा मोबदला त्यांना मिळावा, हेच सर्वांच्या हिताचे होय.

मनुष्याला सुंदर वस्तू आपल्याजवळ असावी असे वाटते. ही इच्छा वाईट नव्हे. काचेच्या टाकीपुढे तासन्‌तास बसून माशांकडे पाहणारे मूल समुद्राविषयी पुष्कळ काही शिकते. परंतु आवड आणि जिव्हाळा ह्यांत अंतर आहे. आवडणारी वस्तू मनुष्य उचलून घेतो. जिव्हाळा असला तर ती आधी जगेल कशी, हे पाहतो. वीस दिवस उपाशी राहून आपल्या मुखात पिले सांभाळणाऱ्या त्या चिमुकल्या पित्यास शब्द येत नाहीत. तरीपण सांभाळणे म्हणजे काय, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

स्वाध्याय

१. बांगाईच्या माशाचे मूळ घर कोठे आहे? तो कोणत्या प्राण्यांच्या आश्रयास राहतो व का?

२. इतर प्रवाळमासे आणि बांगाईचा मासा ह्यांच्या पिलांच्या वाढीत कोणता फरक आहे?

३. ‘पित्याच्या ज्या मायेमुळे पिले सुरक्षित राहतात, तीच माया ह्या जातीला एका जागी बांधून ठेवते.’ ह्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

४. टाकी तयार होताच तीत मासे का सोडू नयेत?

५. फिलिप हेन्री गॉस ह्यास कोणत्या गोष्टीचे दुःख झाले?

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : आश्रय, निरुपद्रवी, बोधप्रद, भक्ष्यस्थानी पडणे, निमूटपणे.

७. तुमच्या परिसरातील एखाद्या पक्ष्याचे किंवा प्राण्याचे अपत्यसंगोपन पाहा व त्याविषयी दहा ओळी लिहा. निरीक्षण करताना त्याच्या घरट्यास किंवा पिलांस हात लावू नका.